वऱ्हाडचा धनी कोण?
सार्वभौमत्वाच्या एका जुन्या वादाचा परिचय

जगाचा राजकीय नकाशा पाहताना आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यात नजर थबकते. मोरोक्कोच्या दक्षिणेला समुद्राला लागून एक मोठा वाळवंटी प्रदेश आहे. काही नकाशांत त्याची सीमा तुटक रेषेने दाखवलेली असते, काहींत त्यावर तिरप्या रेघा असतात आणि काहींत तो मोरोक्कोच्याच रंगात रंगवलेला असतो. नाव लिहिलेले असते ‘पश्चिम सहारा’. हा देश आहे की नाही, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर शिक्षकाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. काही राष्ट्रे त्याला देश मानतात, काही मानत नाहीत. आपल्या भारतानेही एकदा मान्यता दिली आणि पुढे ती काढून घेतली.

हा तिढा समजून घेण्यासाठी आपणा वऱ्हाडवासीयांना फार दूर जाण्याचे कारण नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम या जिल्ह्यांचा आपला प्रदेश 1853 पासून स्वातंत्र्यापर्यंत अशाच अवस्थेत होता. राज्य एकाचे चालत होते, मालकी दुसऱ्याची मानली जात होती, आणि येथे राहणाऱ्या लाखो लोकांना त्यांचे मत कोणीही विचारले नव्हते. शालेय इतिहासात ही हकीकत फार तर एका ओळीत येते. आपल्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना ती सविस्तर ठाऊक असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

शेतीच्या भाषेत सार्वभौमत्व

‘सार्वभौमत्व’ हा शब्द जड वाटतो, पण त्यातील भेद शेतकऱ्याच्या घरात सर्वांना माहीत असतो. शेत एकाच्या नावावर असते आणि दुसरा ते ठोक्याने करतो. सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची. ठोका संपेपर्यंत पिकावर मालकाचा हात नसतो, तरी मालकी गेली असे कोणी म्हणत नाही. वाद उत्पन्न होतो तो ठोक्याला मुदत नसली म्हणजे, किंवा वहिवाटदार इतका बलाढ्य असला की त्याला शेताबाहेर काढण्याची कोणाची ताकद नसते. अशा वेळी सातबाऱ्यावरचे नाव हे केवळ नाव उरते.

या व्यवहारात आणखी एक माणूस असतो. तो म्हणजे त्या शेतात राबणारा सालदार. त्याचे नाव मालकीच्या कागदात नसते आणि ठोक्याच्या कागदातही नसते. वऱ्हाडच्या सार्वभौमत्वाचा इतिहास वाचताना ही तीन माणसे डोळ्यांपुढे ठेवली, तर पुढील सर्व करारांचा अर्थ सहज उलगडतो.

दोन अमलांचा मुलूख

वऱ्हाड एके काळी स्वतंत्र राज्य होते. बहमनी सत्ता फुटली तेव्हा 1490 च्या सुमारास फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने इमादशाही स्थापन केली. आपल्या जवळचे अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर, ही तिची राजधानी आणि गाविलगड हा तिचा बळकट आधार. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने हे राज्य जिंकले आणि 1596 मध्ये ते मोगलांकडे गेले. पुढे 1724 मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया ज्या लढाईने घातला, ती लढाई वऱ्हाडच्याच भूमीवर झाली.

तथापि निजामाला हा मुलूख एकट्याने भोगता आला नाही. चौथ व सरदेशमुखीच्या हक्काने नागपूरकर भोसले येथे वसूल घेत. एकाच गावात दोन सत्तांचे कामदार येत. या पद्धतीला ‘दोअमली’ म्हणत. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला, 15 डिसेंबरला गाविलगड घेतला आणि 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क भोसल्यांना सोडावा लागला. इंग्रजांनी तो मुलूख आपला मित्र निजाम याला दिला. कागदोपत्री तेव्हा वऱ्हाडला एकच धनी उरला.

कर्जापायी दिलेला प्रांत

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. तिचा खर्च निजामाने द्यायचा, पण तिच्यावर हुकमत इंग्रजांची. पगार थकत गेले, इंग्रज सरकार ते स्वतः भागवून निजामाच्या नावे कर्ज लिहीत गेले. हे कर्ज सुमारे 50 लाख रुपयांवर पोहोचले, तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने मुलूख मागितला. निजाम नासिर-उद-दौला याची इच्छा नव्हती, परंतु दबावापुढे त्याचे चालले नाही. 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे भाग इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले. मुलूख कायमचा तोडून दिला नव्हता. उत्पन्नातून फौजेचा खर्च व कर्जाचे व्याज भागवायचे आणि शिल्लक राहील ती निजामाला द्यायची, असे ठरले होते. म्हणूनच या जिल्ह्यांचे सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे हैदराबादने सोपवलेले जिल्हे, असे होते.

1857 च्या उठावात हैदराबादने इंग्रजांची साथ दिली. त्याची परतफेड म्हणून 1860 च्या तहाने कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी अमानत म्हणून इंग्रजांकडेच राहिले. येथे शेतकऱ्याच्या मनात साहजिक प्रश्न येईल की कर्ज फिटले तर गहाण का सुटू नये? हाच प्रश्न हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी आयुष्यभर विचारला. फौजेच्या खर्चाची रोख व्यवस्था करून देतो, वऱ्हाड परत करा, असे त्यांचे म्हणणे होते. 1876 मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. 1883 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर यश आले नव्हते.

वऱ्हाड परत न देण्याचे कारण तहाच्या कलमांपेक्षा येथील काळ्या मातीत अधिक होते. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण उगाच पडलेली नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडील कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासली. आगगाडी वऱ्हाडात आली, अमरावती व खामगाव येथील बाजारांची भरभराट झाली. खामगावचा लोहमार्ग 1870 मध्ये प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. असा प्रांत स्वखुशीने कोण परत देणार?

माणशी साडेचौदा आणे

5 नोव्हेंबर 1902 रोजी लॉर्ड कर्झन आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यात नवा करार झाला. वऱ्हाडवर निजामाचे सार्वभौमत्व असल्याचे त्यात पुन्हा मान्य करण्यात आले, आणि त्याच करारात निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले. मोबदला ठरला वर्षाला 25 लाख रुपये. 1901 च्या जनगणनेनुसार वऱ्हाडची लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांच्या आसपास होती. हिशेब केला तर दर माणशी वर्षाला साधारण साडेचौदा आणे पडतात. त्याच्या दोनच वर्षे आधी छपन्नच्या मोठ्या दुष्काळातून ही माणसे गेली होती. त्यांच्याविषयी झालेल्या या व्यवहारात त्यांची सही कोठेही नव्हती.

पुढच्याच वर्षी, 1 ऑक्टोबर 1903 पासून, वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालणाऱ्या मध्य प्रांताला जोडण्यात आला. ज्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड घेतले होते ती फौजही 1903 मध्ये वेगळी राहिली नाही, ती हिंदी सैन्यात मिसळली. गहाणाचे कारण गेले आणि गहाण मात्र कायम झाले.

या व्यवस्थेची विलक्षणता कायद्यात दिसे. वऱ्हाड हे कायद्याच्या दृष्टीने ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हतेच. म्हणून दिल्लीत संमत झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. परक्या मुलखातील अधिकारक्षेत्रासाठी असलेल्या वेगळ्या आदेशाखाली तो लागू करावा लागे. केंद्रीय विधिमंडळासाठी वऱ्हाडात निवडणूक होई, पण निवडून आलेल्या माणसाला कायद्याने थेट सभासद होता येत नसे. आधी निवडणूक आणि मग तिच्या निकालानुसार सरकारी नेमणूक, असा वळसा घ्यावा लागे. लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखा पुढारी विधिमंडळात ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ म्हणून बसे, तो असा. मतदाराने मत दिले, तरी ते मत पूर्ण होण्यासाठी वरून शिक्का लागत होता.

दोन ध्वज आणि बंद दरवाजा

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी 1923 मध्ये वऱ्हाड परत मिळावे अशी मागणी नव्याने केली. वऱ्हाडला अंतर्गत स्वराज्य देण्याची तयारीही त्यांनी दाखवली. 27 मार्च 1926 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर दिले. ब्रिटिश राजसत्तेचे सार्वभौमत्व हिंदुस्थानात सर्वोच्च असून कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्याने बोलणी करण्याचा हक्क सांगू शकत नाही, असा त्याचा आशय होता. संस्थानांच्या इतिहासात हे पत्र प्रसिद्ध आहे आणि त्याचे निमित्त आपले वऱ्हाड होते.

पुढे 1935 चा कायदा आला. त्यात ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हा एकच प्रांत मानला गेला, त्यासाठी 24 ऑक्टोबर 1936 रोजी निजामाशी करार झाला. निजामाच्या बिरुदात ‘हैदराबाद व वऱ्हाड’ असे शब्द आले. युवराज आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली आणि त्यांच्या पत्नी, तुर्कस्तानच्या अखेरच्या खलिफांच्या कन्या दुर्रुशेहवार, ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाल्या. वऱ्हाडात ब्रिटिश ध्वजाशेजारी हैदराबादचा ध्वज फडकावा, असेही ठरले. राजपुत्राच्या पदवीत वऱ्हाड होते, वऱ्हाडच्या कारभारात मात्र राजपुत्राला स्थान नव्हते.

मुलखाची मालकी कोणाची, यावर दिल्ली व हैदराबाद यांच्यात पत्रे चालली होती, त्याच काळात वऱ्हाडातील अस्पृश्य समाज एक वेगळा प्रश्न विचारत होता. नोव्हेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. विषय होता अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा. गावच्या पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या ओट्यावर आम्हाला माणूस म्हणून मान्यता आहे काय, असा तो प्रश्न होता. रीडिंग यांच्या पत्रात त्याला उत्तर नव्हते आणि निजामाच्या पत्रातही नव्हते. वर कोणता ध्वज फडकतो याने ज्यांच्यापुढील बंद दरवाजा उघडत नाही, त्यांना सार्वभौमत्वाचा वाद परका वाटला तर त्यात नवल नाही. पण हा वाद खरोखर सोडवण्याची किल्ली त्यांच्याच प्रश्नात होती.

वादाचा शेवट

1947 मध्ये ब्रिटिश सत्ता जाणार हे ठरले, तेव्हा संस्थानांशी असलेले तह संपुष्टात येतील असे जाहीर झाले. तह संपला तर वऱ्हाडचा पट्टाही संपतो, हा हैदराबादचा युक्तिवाद त्यामुळे पुन्हा जिवंत झाला. त्रावणकोर व हैदराबाद ही संस्थाने स्वतंत्र होण्याची भाषा बोलू लागली. जून 1947 मध्ये बाबासाहेबांनी एक विस्तृत निवेदन काढून या दाव्याचा कायदेशीर समाचार घेतला. संस्थानांना अशा रीतीने स्वतंत्र होता येणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. संस्थानात लोकांना जबाबदार असलेली राज्यपद्धती आल्याशिवाय संयुक्त राष्ट्रसंघ त्याला संरक्षण देणार नाही, हा मुद्दाही त्यांनी मांडला. धनी कोण, हे ठरवताना प्रजेला विचारले आहे काय, ही कसोटी येथे स्पष्टपणे पुढे आली.

15 ऑगस्टनंतरही वऱ्हाडचा कारभार नागपूरहूनच चालू राहिला. त्याआधी आठवडाभर, 8 ऑगस्ट 1947 रोजी, मराठी प्रदेशातील नेत्यांनी अकोला करार करून संयुक्त महाराष्ट्रात वऱ्हाड-विदर्भाचे स्थान काय असावे याचा विचार केला. ते बोलणे नेत्यांचे होते, तरीही वऱ्हाडचे भवितव्य वऱ्हाडच्याच शहरात बसून ठरवण्याचा प्रयत्न त्यात होता. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई होऊन हैदराबादचा प्रश्न मिटला. 26 जानेवारी 1950 रोजी संविधान अमलात आले आणि वऱ्हाड मध्य प्रदेश राज्याचा भाग झाले. ते संविधान घडवणाऱ्या सभेत आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. त्याच्या उद्देशिकेत सत्तेचा उगम ‘आम्ही भारताचे लोक’ असा सांगितला आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वऱ्हाडच्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मतदानाचा हक्क मिळाला. शेतमालकाला एक मत आणि सालदारालाही एकच मत. या मतावर वरून कोणाचा शिक्का लागत नव्हता.

1956 साली वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून 1 नोव्हेंबर रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच्या अठरा दिवस आधी, 14 ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला होता. शतकानुशतके नाकारलेली मान्यता या लोकांनी कोणाकडे मागितली नाही, ती त्यांनी स्वतःच स्वतःला दिली.

वाळवंटात अडकलेला प्रश्न

आता पुन्हा पश्चिम सहाराकडे वळू. सुमारे 2 लाख 66 हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश 1884 पासून स्पेनची वसाहत होता. येथील सहरावी लोकांनी 1973 मध्ये ‘पोलिसारिओ’ ही स्वातंत्र्याची संघटना उभारली. स्पेन निघण्याच्या बेतात असताना मोरोक्को व मॉरिटानिया यांनी जुन्या हक्कांचा दावा केला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेले. 16 ऑक्टोबर 1975 रोजी न्यायालयाने मत दिले की मोरोक्कोच्या सुलतानाशी काही टोळ्यांचे निष्ठेचे संबंध होते, परंतु त्यातून भूमीवरचे सार्वभौमत्व सिद्ध होत नाही आणि लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काला बाध येत नाही. पुढच्याच महिन्यात मोरोक्कोने साडेतीन लाख नागरिकांचा मोर्चा सीमेपार धाडला. त्यानंतर माद्रिद येथे स्पेनने या प्रदेशाचा कारभार मोरोक्को व मॉरिटानिया यांच्या हाती देण्याचा करार केला. सहरावींना त्यात विचारले गेले नाही.

27 फेब्रुवारी 1976 रोजी पोलिसारिओने ‘सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताक’ जाहीर केले. मॉरिटानियाने 1979 मध्ये माघार घेतली, मोरोक्कोशी युद्ध 1991 पर्यंत चालले. मोरोक्कोने वाळवंटात सुमारे 2700 किलोमीटर लांबीचा मातीचा बांध घातला आहे. बांधाच्या पश्चिमेकडील मोठा भाग, समुद्रकिनारा आणि बू क्रा येथील फॉस्फेटच्या खाणी मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. जसा वऱ्हाडचा कापूस, तसे तेथील फॉस्फेट. आपण शेतात टाकतो ती स्फुरदयुक्त खते अशाच खनिजापासून तयार होतात. बांधाच्या पूर्वेला पोलिसारिओची सत्ता आहे आणि लाखाहून अधिक सहरावी अल्जीरियातील तिंदुफजवळच्या छावण्यांत राहतात. त्यांतील कित्येकांचा जन्मही तेथेच झाला.

1991 च्या युद्धविरामाबरोबर संयुक्त राष्ट्रसंघाने सार्वमत घेण्यासाठी खास पथक नेमले. मतदार कोणाला म्हणायचे, या वादात ते सार्वमत अडकले आणि आजतागायत झालेले नाही. मोरोक्कोने 2007 मध्ये स्वायत्ततेची योजना पुढे केली, पोलिसारिओ स्वातंत्र्याचा पर्याय असलेल्या सार्वमताचा आग्रह धरते. 2020 च्या नोव्हेंबरात युद्धविराम मोडला. आफ्रिकी संघात हे प्रजासत्ताक सभासद आहे, संयुक्त राष्ट्रसंघात नाही. भारताने त्याला 1985 मध्ये मान्यता दिली व 2000 मध्ये ती मागे घेतली. अमेरिकेने 2020 च्या डिसेंबरात मोरोक्कोचे सार्वभौमत्व मान्य केले. बाहेरच्यांची मान्यता त्यांच्या सोयीनुसार येते आणि जाते, हे यातून दिसते.

दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखी नाही. वऱ्हाडला वेगळे राष्ट्र व्हायचे नव्हते, सहरावींच्या मोठ्या चळवळीला व्हायचे आहे. वऱ्हाडातही सार्वमत असे झाले नाही. येथील वाद मिटला तो मतदानाचा हक्क, प्रतिनिधित्व आणि संविधान यांच्या मार्गाने. सहरावींना यांपैकी कोणताही मार्ग अजून मोकळा झालेला नाही. साम्य आहे ते सालदाराच्या बाबतीत. दोन्हीकडे करार झाले, ध्वज लागले, उत्पन्नाच्या वाटण्या झाल्या, आणि त्या भूमीवर जगणारा माणूस कागदाबाहेर राहिला.

वज्जींची सभा

महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग येतो. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींचे गणराज्य जिंकू पाहतो आणि आपला मंत्री वस्सकार याला तथागतांकडे पाठवतो. भगवान बुद्ध वज्जींच्या सैन्याची संख्या विचारत नाहीत. वज्जी वारंवार सभा भरवतात काय, एकत्र जमून एकोप्याने कामे करतात काय, असे ते आनंदांना विचारतात. जोवर हे चालू आहे तोवर त्यांची हानी होणार नाही, असे सांगतात. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनीही भिक्खुसंघाच्या सभापद्धतीची आठवण देशाला करून दिली होती. राज्याचा खरा धनी सभेत सापडतो, हा विचार आपल्याला बाहेरून आणावा लागला नाही.

निवासी शाळेच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ अगदी जवळचा आहे. ज्यांच्या आजे-पणजांचे नाव कोणत्याही करारात, पट्ट्यात वा सनदेत आले नाही, त्यांच्या मुलामुलींची नावे येथील हजेरीपटावर आली. त्यांतील अनेकांची नावे पुढे मतदारयादीत, नोकरीच्या निवडयादीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. मात्र ही नोंद एकदा झाली म्हणजे कायम राहते, असे समजू नये. ग्रामसभेची सूचना फळ्यावर लागते आणि सभेला बोटावर मोजण्याइतकी माणसे येतात. शाळेच्या पालकसभेचेही कधी कधी तसेच होते. एके काळी वऱ्हाडच्या लोकांना कोणी विचारत नव्हते. आज विचारले जाते, तेव्हा उत्तर द्यायला हजर राहणे एवढे तरी आपल्या हाती आहे. पुढच्या ग्रामसभेची तारीख आपल्या गावच्या फळ्यावर पाहून ठेवावी आणि त्या दिवशी शेजाऱ्यालाही सोबत न्यावे.